ऑक्टोबरची वारी

यंदा मे महिन्यात नात पुण्याहून गुहागरला आली ती सुटी घेऊन नव्हे, परीक्षा घेऊन आली. शाळेची नव्हे, इंग्रजीची कुठलीशी बाहेरची परीक्षा. तिची पहिली पायरी मागल्या वर्षी झाली, आता मधली. उतारा वाचून उत्तरे द्यायची आणि व्याकरणाच्या गाळलेल्या जागा भरायच्या, असे तिचे दोन भाग. सकाळी समुद्रावर जावे, सुरूच्या बनात हुंदडावे, दुपारी रायवळ आंबे बादलीत टाकून बसावे, हे सगळे सोडून पोर ओटीवरच्या झोपाळ्यावर फोनवर टिचक्या मारीत बसे. उत्तर बरोबर आले की फोन टाळ्या वाजवी; चुकले की नुसता थरथरे. आमच्या वेळी चुकले की थरथरण्याचे काम आम्हांलाच करावे लागे.

एका दुपारी टिचक्या मारता मारता तिने विचारले, "आजोबा, मॅट्रिकला तुम्हांला इंग्रजीत किती मार्क होते?"

"होते बरे," मी म्हणालो आणि अडकित्ता उचलला. सुपारी कातरताना खोटे बोलणे सोपे जाते. मान खाली असते.

खरे म्हणजे पहिल्या खेपेस मला २७ गुण होते. शंभरात सत्तावीस. पास व्हायला ३५ लागत. ही १९६६ च्या मार्चमधली गोष्ट.

आमच्या पिढीच्या इंग्रजीची कहाणी थोडी निराळी होती. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, स्वातंत्र्याच्या सुमारास, मुंबई राज्यात पाचवीचे इंग्रजी उचलून आठवीवर नेले. मूल आधी आपल्या भाषेत पक्के व्हावे, हा त्यामागचा विचार मला आजही वावगा वाटत नाही. पण आठवीत आलो तेव्हा माझ्या ओठावर मिसरूड फुटू पाहत होते आणि वहीत ए, बी, सी, डी. मोठ्या माणसाला बोबडे बोलायला लावावे तसे ते झाले. पुढे २००० साली महाराष्ट्राने इंग्रजी थेट पहिलीपासून सुरू केले, त्यामुळे माझ्या नातीला या लाजेची कल्पना यायची नाही. आम्ही मात्र चार वर्षांत मुळाक्षरांपासून मॅट्रिकपर्यंत धावलो, आणि माझ्यासारखे काही वाटेत धापा टाकीत बसले.

मार्चमध्ये आपटलेला मुलगा पुन्हा बसे तो ऑक्टोबरात. त्याला सारे ऑक्टोबरची वारी म्हणत. आता फेरपरीक्षा पावसाळ्यातच उरकतात, त्यामुळे तो शब्दही मागे पडला. पंढरीची वारी आषाढातच पोचते. आमची आषाढात निघे, ऑक्टोबरात पोचे, आणि तिथे विठोबा दर्शन देईलच असा भरवसा नसे.

मला तर ते दर्शन होणे भागच होते. कोकणातली निम्मी घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत, त्यांतले आमचे एक. वडिलांची वाडी होती, नारळी-पोफळी होत्या. पण भावंडे पाच. थोरले काका गिरगावात एका खोलीत राहत. त्यांचे कार्ड आले होते, 'इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालास तर कचेरीत चिकटवीन. नाही तर इथे येऊन आणखी एक पथारी वाढवू नये.' आईने ते कार्ड देवघरात, आरतीच्या पुस्तकात घालून ठेवले होते. नापास मुलाला रोज देवाला नमस्कार करणे किती कठीण असते, ते तेव्हा कळले.

मला शिकवायचे काम भाऊआजोबांनी आपण होऊन पत्करले. ते वडिलांचे सख्खे काका. मुंबईत गोऱ्या साहेबाच्या कंपनीत हेडक्लार्की करून गावी परतले, ते एक लोखंडी ट्रंक घेऊन. ट्रंकेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग होते, खळीने पाठ चिकटवलेला एक कोश होता आणि रेन आणि मार्टिनचे व्याकरण होते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठीचे व्याकरण १८३६ साली लिहिणारे दादोबा पांडुरंग हेही तर्खडकरच, तेव्हा व्याकरण त्या आडनावाच्या पाठीला लागले असावे. रेनची गंमत मला पुढे फार वर्षांनी समजली. हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता, आणि वाळवंटातल्या परदेशी पलटणीच्या रोमहर्षक कादंबऱ्या लिहून त्याने जगभर नाव मिळवले. त्या कादंबऱ्या तेव्हा हाती पडत्या तर मी बहुधा पहिल्याच खेपेस पास झालो असतो. आमच्या वाट्याला आले त्याचे प्रयोग, काळ आणि अर्थ.

पहाटे पाचला भाऊआजोबा मला उठवीत. बाहेर पागोळ्यांची एकसारखी धार, पडवीला लावलेल्या झापांवर वाऱ्याचे तडाखे, आणि वाडीपलीकडे समुद्राची गाज. ती इतकी मोठी, की भाऊआजोबांना क्रियापदे ओरडून सांगावी लागत. "गो, वेंट, गॉन!" ते ओरडत. मी ओरडे. कंदिलाजवळ एका वाटीत भाजलेल्या आठळ्या असत. तीन क्रियापदे बिनचूक आली की एक आठळी. माझ्या इंग्रजीला आजही फणसाचा वास येतो.

उतारा वाचायची त्यांची एक खास युक्ती होती. ते म्हणत, "इंग्रज वाक्य उलटं बोलतो. आपण ते सुलटं करून घ्यायचं. कर्ता पकडायचा, की थेट शेवटी उडी. तिथून मागं मागं यायचं." आणि दाखवीत, "दि बॉय सॉ अ स्नेक निअर दि वेल. कर्ता, मुलगा. आता मार उडी. वेल, विहीर. निअर, जवळ. स्नेक, साप. सॉ, पाहिला. मुलाने विहिरीजवळ साप पाहिला. झालं की नाही मराठी?"

झाले होते! शब्दयोगी अव्ययासकट जागच्या जागी बसले होते. चार वर्षे ज्या वाक्यांनी मला छळले ती शेपटीकडून धरताच मुकाट्याने वळू लागली. मी प्रत्येक वाक्यातल्या शब्दांवर पेन्सिलीने आकडे घाली, एक, मग पाच, चार, तीन, दोन. आषाढ सरता सरता मी अर्ध्या पानाचा उतारा सोडवू लागलो. ए, ॲन आणि दि या तीन चिलटांनी मात्र पिच्छा सोडला नाही. मार्चमध्ये त्यांनीच माझे रक्त प्यायले होते. मराठी माणूस जन्मभर त्यांच्यावाचून सुखाने बोलतो, आणि कुठे 'ए' नि कुठे 'दि' ते त्याला कोणी सांगू शकत नाही. भाऊआजोबांनाही सांगता येईना. ते म्हणत, "पंचवीस वर्षं साहेबाची पत्रं लिहिलीस की आपोआप कळतं." परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे सगळे सण लांबले. गोपाळकाल्याला सप्टेंबर उजाडला होता. भाऊआजोबा दाताची कवळी आणायला चिपळूणला गेले होते. शाळेला सुटी, मास्तर आपापल्या गावी. अकराच्या सुमारास शेजारच्या माईंच्या अंगणात तारेचा शिपाई सायकलवरून उतरला.

तार म्हणजे काय, हे नव्या वाचकांना सांगावे लागेल. देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ती तुटक असे. शुभेच्छांच्या तारांची ठराविक वाक्ये असत, त्यांना क्रमांक असत, त्यांत दिवाळीच्या शुभेच्छाही होत्या. पण आमच्याकडे शुभेच्छा कार्डावर येत. तार आली म्हणजे कोणी तरी गेले किंवा जायला टेकले, एवढाच तिचा अर्थ. तारेच्या शिपायाला पाहून आळीतल्या बायका हातातली कामे टाकून उठत.

माईंचे यजमान केव्हाच वारले होते. एकुलता मुलगा मुंबईला छापखान्यात होता. पोटात दुखते, डॉक्टर अपेंडिक्स म्हणतात, असे त्याचे कार्ड आठ दिवसांपूर्वी आले होते, ते मीच वाचून दाखवले होते. माईंनी कुंपणावरून हाक मारली. "बाळ, ये रे. इंग्रजी आहे. तू शिकतोयस ना?"

मी गेलो. कागद हातात घेतला. वाटले होते त्याहून सोपा होता. चारच शब्द. एकही ए नाही, ॲन नाही, दि नाही! खरे सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. असा इंग्रजीचा पेपर आला तर काय बहार होईल, असे मनात येऊन गेले.

'ऑपरेशन ओव्हर नथिंग सीरियस.'

मी कर्ता पकडला. ऑपरेशन. आणि शिकवल्याप्रमाणे थेट शेवटी उडी मारली. "सीरियस," मी मोठ्याने म्हणालो.

हा शब्द आळीत सर्वांना येत होता. 'मदर सीरियस', 'फादर सीरियस' अशा तारा दर पावसाळ्यात येत. माई मटकन खाली बसल्या. कोणी तरी हंबरडा फोडला. माझ्या मागून चारपाच बायका धावत आल्या, कोणी पाणी आणले, कोणी माझ्या हातातला कागद घेऊन परत माझ्याच हातात दिला. मी मागे मागे यायचा प्रयत्न करीत होतो. सीरियस. नथिंग. नथिंग म्हणजे काही नाही. ओव्हर म्हणजे वर. ओव्हर म्हणजे संपले, असेही कोशात होते. संपले, काही नाही, गंभीर. जे जुळत होते ते मेल्याहून वाईट होते.

दोनची एस. टी. चिपळूणला जाणारी होती. तिथून रात्रीची मुंबई. आगबोटी पावसाळ्यात बंद, आणि कोकणात रेल्वे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. ती पुरी व्हायला १९९८ उजाडले. माईंच्या घरात पैसे नव्हते. त्यांनी हातातल्या पाटल्या उतरवल्या. साबण लावून उतरवाव्या लागल्या, इतक्या वर्षांच्या त्या होत्या. वडील त्या घेऊन सावकाराकडे गेले आणि दीडशे रुपये घेऊन आले. सोबतही तेच जाणार होते.

आता जे सांगतो ते साठ वर्षांत कोणालाही सांगितलेले नाही.

एकच्या सुमाराला मी आमच्या मागल्या दारी विहिरीच्या काठावर बसलो होतो. कागद मी वहीत उतरवून घेतला होता. त्या शब्दांवर आकडे न घालता नुसता पाहत राहिलो, आणि एकाएकी वाटले की 'नथिंग' हे 'सीरियस'ला लागून आहे. दोघे मिळून एक आहेत. काही-नाही-गंभीर. गंभीर काही नाही. अंगावर सर्रकन काटा आला. मी उठलो. पोस्ट काही लांब नव्हते. ज्या पोस्टमास्तरांनी तार उतरवून घेतली होती त्यांना विचारले की निकाल लागत होता. मी व्याडेश्वराच्या देवळापर्यंत धावत गेलो. तिथे थांबलो. पोस्टमास्तर म्हणतील, चार शब्द येत नाहीत आणि ऑक्टोबरला बसतोस? आणि समजा मी घरी जाऊन म्हटले, माई, जाऊ नका, बरे आहे सगळे. आणि तसे नसले तर? त्या थांबतील, आणि तिकडे मुलगा जाईल. सत्तावीस गुणांच्या शंकेवर कोणी कोणाला थांबवावे?

देवळाच्या पायरीवर मी किती वेळ बसलो होतो ते आठवत नाही. एस. टी.चा भोंगा ऐकू आला तेव्हा उठलो.

संध्याकाळी भाऊआजोबा नवी कवळी घालून आले. मी वही पुढे केली. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, परत वाचले. "अरे, ही तर आनंदाची तार," ते म्हणाले. कवळी नवी असल्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. मला पुन्हा विचारावे लागले.

ते मला बोलले नाहीत. मी काय केले हे मी सांगितले, म्हणजे निम्मे सांगितले, देवळापर्यंतचे सांगितले नाही. ते बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. मग म्हणाले, "चूक माझी. आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं. माणूस सगळं बोलून झाल्यावर नाही म्हणतो, म्हणून आपण शेवटाकडे कान लावून बसतो. साहेब आधी नाही म्हणतो आणि मग काय नाही ते सांगतो. हे मला ठाऊक होतं रे. पंचवीस वर्षं ठाऊक होतं. पण शेवटून वाचायची युक्ती इतकी सोयीची..." पुढले वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

दुसऱ्या पहाटे वाटीत आठळ्या होत्या, पण शिकवणी निराळी होती. त्यांनी एक जुने पोस्टकार्ड घेतले आणि सबंध वाक्य झाकले. मग कार्ड डावीकडून उजवीकडे एकेक शब्द सरकवू लागले. "आला शब्द तो तिथंच समजून घे. पुढलं दिसत नाही, तर उडी मारणार कुठं?" हे फार जड गेले. शब्दाला शब्द भेटेपर्यंत अर्थ अधांतरी धरून ठेवायचा, घाईने मराठीत उतरवायचा नाही. पहिले चार दिवस मला काहीही येईना. पाचव्या-सहाव्या दिवशी एक सबंध वाक्य मराठीत न आणता समजले. कुठल्या तरी म्हाताऱ्याचे आणि त्याच्या गाढवाचे होते. मी हसलो, आणि मग ध्यानात आले की हसण्यापूर्वी मी भाषांतर केले नव्हते.

वडील तीन दिवसांनी परतले. आईने पेज वाढली, ती त्यांनी मुकाट्याने संपवली. हात धुताना म्हणाले, "पोरगा खाटेवर बसून मोसंबं सोलत होता." आणि आत जाता जाता, "तुझं इंग्रजी महाग पडलं रे." एवढेच. पुढे जन्मभर त्यांनी तो विषय काढला नाही.

माई गणपतीच्या आदल्या दिवशी मुलाला विश्रांतीसाठी घेऊन आल्या. मी तोंड लपवून होतो. पण माईंना राग कुठला! चिपळूणपलीकडे कधी न गेलेली ती बाई दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून आली होती, महालक्ष्मीला ओटी भरून आली होती. इस्पितळातल्या नर्सेस कशा चालतात ते तिने गौरीच्या रात्री नक्कल करून दाखवले आणि बायका हसून हसून लोळल्या. "बाळाने वाचलं म्हणून मी मुंबई पाहिली," असे ती ज्याला त्याला सांगे. हात मात्र मोकळेच होते. व्याज चढत गेले, पुढल्या वर्षी घर शाकारायचे निघाले, आणि पाटल्या सुटल्या नाहीत. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीला पन्नास रुपये पाठवले. पोचपावतीवर तिचा अंगठा आला. पुढल्या महिन्यात त्याच पन्नास रुपयांची लोकरीची बंडी आणि पोहे माझ्या पत्त्यावर आले.

परीक्षा चिपळूणला झाली, तीही पितृपक्षात. आईला ते मुळीच पसंत नव्हते, पण बोर्डाला पंचांग कोण दाखवणार? पेपरात मी पोस्टकार्डाऐवजी प्रवेशपत्राने ओळी झाकीत होतो. देखरेख करणाऱ्या मास्तरांना संशय आला, त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. ४३ गुण मिळाले. फोर्टमधल्या एका कचेरीत चिकटलो, छत्तीस वर्षे इंग्रजी पत्रे वाचली, सगळी डावीकडून. ए आणि दि कुठे येतात ते भाऊआजोबा म्हणाले तसे पंचवीस वर्षांच्या सुमाराला आपोआप समजू लागले.

नातीला मी झाकून वाचायची रीत दाखवली. फोनवर तळहात ठेवला तर पान भलतीकडेच पळाले. "आजोबा, असं एकेक शब्द वाचलं तर वेळ पुरत नाही हो," ती म्हणाली. तिचेही खरे आहे. तिला चाळीस मिनिटांत चार उतारे संपवायचे असतात. तिचा एक प्रश्न मात्र मला आवडला. विधान बरोबर, विधान चूक, आणि तिसरा पर्याय, उताऱ्यात सांगितलेले नाही. हा तिसरा पर्याय तिला फार चुकवतो. मी म्हटले, मलाही.

माझा निकाल लागला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन माईंकडे गेलो होतो. तिने पेढा देवापुढे ठेवला आणि फडताळातून डबा काढला. डब्यात ती तार होती, घडीवर घडी घातलेली.

"आता वाच," ती म्हणाली. "सावकाश वाच."

मी वाचले. ऑपरेशन झाले. काळजीचे काही नाही.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले.

"'नाही' कुठं लिहिलंय ते दाखव मला."

मी तिसऱ्या शब्दावर बोट ठेवले. तिने आपलेही बोट त्याशेजारी टेकवले, जरा वेळ तसेच ठेवले. "म्हणजे त्यांच्यात 'नाही' आधी सांगतात होय?" ती म्हणाली. "बरं आहे की."

देवळाच्या पायरीचे तेव्हा सांगणार होतो. पण ती तुळशीला दिवा लावायला उठली, आणि बाहेर वारा होता म्हणून मी तिच्या हातातल्या ज्योतीला आडोसा धरून चालू लागलो.